तास लिहून ठेवलेली वही

पत्र थोडक्यात असं आहे. इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरच्यासारख्या असलेल्या एका काकांची बायपास झाली. काकांचं किराणा आणि वर्तमानपत्रांचं छोटं दुकान आहे. हॉस्पिटलात दाखल होण्याच्या आदल्या रात्री काकांनी फोन केला: "सकाळचं दुकान तू बघशील का? तुझं मी बघेन." ताईंनी तीस आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज चार तास दुकान सांभाळलं. पुढे दिवाळीच्या फराळाला दहा-बारा माणसं जमलेली असताना काकांनी कागदावर लिहून दिलं, "तू दुकानासाठी जे केलंस त्याबद्दल मी तुला ९,००० पौंड देईन." खाली सही, तारीख. पैसे मात्र आले नाहीत. आता दुकान विकायला निघालंय. काकांचा मुलगा म्हणतो, त्या कागदाला इथल्या कायद्यात किंमत नाही, ३,५०० घ्या आणि विषय संपवा. नाशिकचा वकील भाऊ म्हणतो, कागद एकदम पक्का आहे. इथली मैत्रीण म्हणते, ३,५०० आत्ता पदरात पाड, उरलेल्यासाठी नंतर कोर्टात जा. नवरा म्हणतो, घरच्या माणसाकडे पैसे मागायचेच कशाला? ताई विचारतात, "कागद खरा की खोटा? आणि मागितले तर मी लोभी ठरते का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलंय: "दुसऱ्या दिवशी काकांचा व्हॉट्सॲपवर मेसेज होता की तास लिहून ठेव, म्हणून मी एक वही केली होती." त्या वहीकडे मी येणार आहे. पण तुमचं सगळं लक्ष दिवाळीच्या कागदावर आहे, म्हणून आधी कागदाचं बोलू.

तुमचा भाऊ चुकीचं सांगत नाहीये. तो नाशिकमध्ये बसून बरोबर आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या २५व्या कलमात म्हटलंय की कुणी तुमच्यासाठी आपणहून काही केलं असेल आणि त्याची भरपाई करायचं वचन तुम्ही नंतर दिलंत, तर ते वचन बांधून ठेवतं. कलमाखाली उदाहरणं दिली आहेत. एकाला दुसऱ्याचं हरवलेलं पाकीट सापडतं, तो ते परत देतो, पाकिटाचा मालक त्याला पन्नास रुपये देईन म्हणतो: हा करार झाला. एक जण दुसऱ्याच्या लहान मुलाचा सांभाळ करतो, बाप नंतर खर्च देईन म्हणतो: हाही करार झाला. या कायद्याखाली दिवाळीचा कागद घेऊन तुम्ही ताठ मानेने कोर्टात गेला असतात.

पण दुकान इंग्लंडात आहे, काका इंग्लंडात आहेत, काम इंग्लंडात झालं. इथला नियम नेमका उलटा आहे. हे ऐकून वाईट वाटेल, मलाही शिकताना वाटलं होतं.

इथे नुसत्या वचनाला कोर्ट हात लावत नाही. वचनाच्या बदल्यात समोरच्याने काहीतरी दिलेलं, केलेलं किंवा सोडलेलं असावं लागतं. यालाच इथे कन्सिडरेशन म्हणतात. आपल्याकडे कायद्याच्या पुस्तकात प्रतिफल, बोलताना मोबदला. हा मोबदला वचनाशी देवाणघेवाणीने जोडलेला हवा: "तू हे कर, मी ते देईन." काम आधीच होऊन गेलं असेल आणि वचन मागाहून, कृतज्ञतेपोटी आलं असेल, तर ते काम त्या वचनाचा मोबदला होऊ शकत नाही, कारण वचन ऐकून तुम्ही ते केलेलं नाही. काकांच्या कागदावरची क्रियापदं बघा. "केलंस" भूतकाळात आहे, "देईन" भविष्यात. काकांचा मुलगा याच फटीत बोट घालतोय.

१८४० सालचा ईस्टवुड विरुद्ध केन्यन हा खटला मला अजून टोचतो. सारा नावाच्या एका पोरक्या मुलीच्या पालकाने तिच्यासाठी १४० पौंड कर्ज काढून खर्च केले. ती सज्ञान झाल्यावर तिने ते फेडायचं कबूल केलं, लग्न झाल्यावर तिच्या नवऱ्यानेही केलं. मग दिले नाहीत. कोर्ट म्हणालं, नैतिक जबाबदारी असेल, पण नैतिक जबाबदारी म्हणजे मोबदला नव्हे. आपल्या १८७२च्या कायद्यातलं मुलाच्या सांभाळाचं उदाहरण त्याशेजारी ठेवून पाहा. परिस्थिती जवळजवळ तीच, उत्तर उलट, आणि भारतातला तो कायदा इंग्रजांच्याच राज्यात झालेला.

तुमच्या गोष्टीच्या आणखी जवळचा खटला म्हणजे मॅकआर्डल, १९५१. वडिलांमागे घर आईच्या हयातीपुरतं आईला आणि नंतर मुलांना जायचं होतं. त्या घरात राहणाऱ्या एका सुनेने ४८८ पौंड खर्चून दुरुस्त्या केल्या. काम संपल्यावर भावंडांनी कागदावर सह्या केल्या की ही रक्कम तिला परत द्यावी. आई गेल्यावर ती मागायला गेली तर नकार. अपील कोर्टाने तिच्या विरोधात निकाल दिला. गंमत अशी की कागदाची भाषा भविष्यकाळातली होती, जणू काम अजून व्हायचंय. कोर्टाने भाषा बाजूला ठेवली आणि काम खरोखर कधी झालं ते बघितलं. म्हणून कुणी तुम्हाला "तारीख मागची टाकून नवा कागद करून घेऊ" असं सुचवलं, तर अजिबात करू नका. त्याने केस पक्की होणार नाहीच, आणि तुमच्या खरेपणावर डाग पडेल.

फराळाला दहा-बारा माणसं होती, सगळ्यांनी बघितलं, याचा तुम्हाला आधार वाटतो. काकांनी सही केली हे सिद्ध करायला ती माणसं उपयोगी पडतील. पण सही झाली की नाही हा वादच नाहीये.

आता वही.

मागाहून दिलेल्या वचनाच्या नियमाला एक जुनी वाट आहे, १६१५ सालापासूनची. ब्रेथवेट नावाच्या माणसाच्या हातून खून झाला. त्याने लॅम्प्ले नावाच्या माणसाला गळ घातली की राजाकडून मला माफी मिळवून दे. लॅम्प्ले स्वतःच्या खर्चाने घोड्यावरून राजाच्या मागे फिरला. नंतर ब्रेथवेटने त्याला १०० पौंड कबूल केले आणि दिले नाहीत. कोर्टाने द्यायला लावले, कारण काम त्याच्या सांगण्यावरून झालं होतं; नंतरचं वचन त्या मूळ विनंतीला जोडलं गेलं. १९७९ मध्ये हाँगकाँगहून आलेल्या पाओ ऑन खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या कोर्टाने, हीच वाट तीन प्रश्नांत बांधून दिली. काम वचन देणाऱ्याच्या सांगण्यावरून झालं का? त्याचे पैसे किंवा काही मोबदला मिळणार हे दोघांनाही तेव्हाच समजलेलं होतं का? आणि ते वचन आधी दिलं असतं तर कायद्याने वसूल करता आलं असतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बाजूने आहे. तुम्ही आपणहून गेला नाहीत, काकांनी फोन करून बोलावलं. मॅकआर्डलच्या सुनेला कुणी दुरुस्त्या करायला सांगितलं नव्हतं. तिच्यात आणि तुमच्यात हा मोठाच फरक आहे. तिसऱ्यातही मला अडचण दिसत नाही.

खरी लढाई दुसऱ्या प्रश्नावर आहे, म्हणजे "तुझं मी बघेन" या तीन शब्दांवर. मराठी माणसाला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही, पण नीट विचार केला तर आपणही ते दोन्ही अर्थांनी वापरतो. कामाला ठेवलेल्या माणसाला म्हणतो तेव्हा त्यात पैसे असतात. भाचीला म्हणतो तेव्हा त्यात माया असते, अडीअडचणीला उभा राहीन असं आश्वासन असतं. इंग्रज न्यायाधीशासमोर या शब्दांचं भाषांतर जाईल आणि समोरची बाजू म्हणेल, हे तर नुसतं आपुलकीचं बोलणं. एकटा फोन असता तर मी तुम्हाला फार आशा दाखवली नसती.

पण दुसऱ्या दिवशी काकांनी "तास लिहून ठेव" असा मेसेज केला. मायेपोटी मदत करणाऱ्या माणसाला तास लिहायला कुणी सांगत नाही. तास पैशांसाठी लिहितात. काम सुरू होतानाच मोबदला ठरलेला होता, फक्त आकडा ठरला नव्हता, हे तो एक मेसेज आणि तुमची वही मिळून सांगतात. असं असेल तर दिवाळीच्या कागदाची भूमिका बदलते. तो आता वचन म्हणून उभा राहत नाही. आधीच देणं असलेल्या पैशांचा आकडा किती, याचा पुरावा म्हणून उभा राहतो.

हा आकडाही वाजवी आहे. तीस आठवडे, सहा दिवस, चार तास म्हणजे ७२० तास. ९,००० भागिले ७२० म्हणजे ताशी साडेबारा पौंड. मुलगा देऊ करतोय त्या ३,५०० चा हिशेब ताशी पाच पौंडांच्याही खाली येतो. ही दोन भागाकारं तुम्ही एकदा कागदावर मांडून बघितलीत तर लोभाचा प्रश्न बराचसा मिटेल असं मला वाटतं. हजारांत ऐकल्यावर तो आकडा बक्षीस वाटतो, तासांत बघितल्यावर मजुरी.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. त्यांच्या वाक्यात कायद्याचाही एक धागा आहे. घरगुती बोलण्यात माणसं कोर्टात जायच्या इराद्याने करार करत नसतात, असं इथलं कोर्ट गृहीत धरतं. १९१९ च्या बाल्फोर खटल्यात सिलोनला नोकरीवर परतणाऱ्या नवऱ्याने बायकोला महिना ३० पौंड कबूल केले होते, कोर्टाने त्यात पडायला नकार दिला. पण तुम्ही आणि काका रक्ताचे नाही आहात, आणि तुम्ही त्यांच्या घरी पोळ्या लाटल्या नाहीत, त्यांचा धंदा चालू ठेवलात. पुरवठादार आले, गल्ला भरला, दुकान टिकलं, आज ते विकलं जातंय. यजमानांना हे शांतपणे सांगून बघा. नातं जपायचं म्हणून हक्क सोडायचा की नाही हा निर्णय तुमचा आहे. मात्र हक्कच नाही असं समजून सोडू नका.

मैत्रिणीचा सल्ला सगळ्यात धोक्याचा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. इथल्या कायद्यात ठरलेलं, वाद नसलेलं देणं असेल आणि घेणेकऱ्याने कमी रक्कम घेऊन "फिटलं" म्हटलं, तरी तो उरलेलं मागू शकतो. १६०२ च्या पिनेलच्या खटल्यापासून हे चालत आलंय आणि १८८४ मध्ये फोक्स विरुद्ध बीअरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, ते कायम केलं. कारण तेच: जे देणं आहेच त्यातला तुकडा देण्यात नवा मोबदला कुठला? १९६५ च्या डी अँड सी बिल्डर्सच्या खटल्यात ४८२ पौंड येणं असलेल्या छोट्या बांधकाम कंपनीने, पैशांची निकड होती म्हणून, ३०० घेतले आणि पूर्ण मिटल्याचं लिहून दिलं. तरीही उरलेले १८२ त्यांना मिळाले. मैत्रिणीने बहुधा हेच कुठेतरी वाचलंय.

तुमची गोष्ट वेगळी आहे, कारण तुमचं येणं मुळातच वादातलं आहे. काकांचा मुलगा म्हणतो एक पैसाही लागत नाही, तुम्ही म्हणता ९,००० लागतात. अशा खऱ्या, प्रामाणिक वादात तुम्ही ३,५०० घेऊन मिटवलंत, तर दावा सोडून देणं हाच तुमच्याकडून मोबदला होतो आणि तडजोड पूर्ण बांधून ठेवते. उरलेलं नंतर मागता येणार नाही. त्यामुळे "पूर्ण आणि अंतिम" अशा अर्थाच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, चेक आला तर उत्तर लिहिल्याशिवाय बँकेत टाकू नका.

हाच नियम तुमच्याही कामाचा आहे. १८७० च्या कॅलिशर खटल्यात कोर्टाने म्हटलं की दावा शेवटी पोकळ निघाला तरी चालेल, तो खरा आहे असं मानून प्रामाणिकपणे केला असेल तर तो सोडणं हा पुरेसा मोबदला आहे. म्हणजे दिवाळीचा कागद कितीही लंगडा असला, तरी आज तुम्ही आणि काका एका आकड्यावर आलात आणि "ही रक्कम दिल्यावर ताईंचा या कामाबद्दल काही दावा उरणार नाही" असं दोघांनी लिहून सह्या केल्यात, तर तो नवा करार स्वतःच्या पायावर उभा राहतो.

याहून सोपीही एक वाट आहे. काकांची दानत तुम्हाला माहीत आहे, मला नाही. पण पत्रावरून वाटतं की त्यांना पैसे द्यायचे आहेत आणि मुलगा अडवतोय. तसं असेल तर काकांनी तेच वचन डीड म्हणून, म्हणजे ठरावीक रीतीने सही-साक्ष केलेला दस्त म्हणून, लिहून द्यावं. इंग्लंडात डीडला मोबदला लागतच नाही. १९८९ च्या कायद्यानंतर माणसाला लाखेची मोहरही लागत नाही. कागद डीड आहे हे त्यावरच स्पष्ट लिहिलेलं हवं, काकांनी साक्षीदारासमोर सही करायची, साक्षीदाराने तिथेच साक्ष म्हणून सही करायची आणि तो कागद बांधील म्हणून तुमच्या हाती द्यायचा. साक्षीदार घरचा नसलेला बरा. साध्या करारावर दावा करायला सहा वर्षं असतात, डीडवर बारा. दिवाळीच्या कागदावर "डीड" हा शब्द असता आणि फराळाला आलेल्यांपैकी एकाने शेजारी साक्षीची सही केली असती, तर हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं. ज्यांना नातेवाईकाला किंवा मित्राला मागच्या उपकाराबद्दल काही द्यायचंय, त्या सगळ्यांना माझी हीच विनंती आहे: साध्या चिठ्ठीऐवजी डीड करा.

डीड जमत नसेल तर नाममात्र मोबदलाही चालतो. मोबदला किती किमतीचा आहे ते इथलं कोर्ट तोलत नाही. १८४२ च्या थॉमस खटल्यात घरासाठी वर्षाला एक पौंड पुरला होता, नेस्लेच्या खटल्यात चॉकलेटची तीन वेष्टनं. पण तो मोबदला नव्या वचनासाठी नव्याने दिलेला हवा.

"मी त्यांच्या शब्दावर विसंबून थांबले" या मुद्द्यावर फार भिस्त ठेवू नका. विसंबण्याचा आधार इंग्लंडात ढाल म्हणून चालतो, तलवार म्हणून नाही; म्हणजे समोरच्याचा दावा परतवायला चालतो, स्वतः नवा दावा करायला नाही. १९५१ च्या कूम्ब खटल्यात घटस्फोटित बायकोला वर्षाला १०० पौंड कबूल झाले होते, ती त्या भरवशावर पोटगी मागायची थांबली, आणि तरी हरली, कारण थांब असं नवऱ्याने तिला सांगितलं नव्हतं. स्कॉटलंडमधल्या वाचकांनी मात्र हे सगळं जसंच्या तसं घेऊ नये. तिथल्या कायद्यात मोबदल्याची अट नाही. एकतर्फी वचनही बांधतं, फक्त धंद्याच्या ओघात दिलेलं नसेल तर ते रीतसर लेखी लागतं.

आता करायचं काय. मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढा, फोन बदलण्याआधी. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि वहीत आज काहीही नवं लिहू नका, चुकलेली बेरीजसुद्धा दुरुस्त करू नका. दुकान काकांच्या नावावर आहे की कंपनीच्या, ते बघून ठेवा, म्हणजे मागणी कुणाकडे करायची ते कळेल. मागणी १०,००० पौंडांच्या आतली आहे, त्यामुळे वेळ आलीच तर ती छोट्या दाव्यांच्या मार्गाने जाईल. तिथे वकील लागत नाही आणि २०२४ पासून अशा पैशांच्या दाव्यांत सुनावणीआधी फोनवरची मोफत मध्यस्थी सक्तीची आहे. त्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेला किंवा एखाद्या सॉलिसिटरला, म्हणजे इथल्या वकिलाला, ही सगळी कागदपत्रं एकदा दाखवा, कारण "तास लिहून ठेव" चं वजन किती, यावर माझ्यापेक्षा वेगळं मत असू शकतं. तुम्ही कायद्याने त्यांच्या नोकरीत होतात का, हा प्रश्नही तिथेच विचारा. आणि पैसे मिळाले तर ते कामाचे आहेत, त्यांच्या कराचं बघावं लागेल.

पण सगळ्यात आधी मुलाशी न बोलता काकांना भेटा. दुकान विकून पैसे हातात येण्याच्या आधी भेटा. कोर्टाचं नाव काढू नका. "काका, तुम्ही तास लिहून ठेवायला सांगितलं होतं, ते मी लिहिले. ७२० झाले. तुम्ही ९,००० म्हणालात, ते मला मान्य आहे. तो कागद कायद्याने कच्चा आहे म्हणतात, तर आपण तो पक्का करून घेऊ या का?" एवढंच विचारा. दिवाळीचा कागद घरीच राहू दे, त्याचा फोटो पुरे. वही मात्र सोबत न्या आणि काकांना स्वतःच्या हाताने चाळू द्या.